पत्त्यातला ‘ऱ्ह’ आणि आपण : डोमेन नावांच्या जागतिक कारभारातल्या लोकसहभागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही पुण्यातले सात-आठ जण महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, एकत्र बसतो. इंटरनेटवरच्या नावांबद्दल जगात कुठे काय ठरतंय ते समजून घेतो आणि जमेल तिथे आपलं म्हणणं कळवतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, दोन अभियंते, एक ग्रंथपाल, एक कायद्याचा विद्यार्थी. मी मुद्रितशोधक. नारायण पेठेतल्या छापखान्यांची प्रुफं तपासण्यात माझी निम्मी हयात गेली. नवीन येणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मी लिहिली आहेत, त्यामुळे त्यांत माझी मतंही आली आहेत.

डोमेन नाव म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्याचा ‘कारभार’ म्हणजे काय?

आपण पत्ता घर क्रमांकापासून लिहायला घेतो आणि ‘पुणे ३०’वर संपवतो, पण टपाल खात्यात तो शेवटाकडून वाचला जातो. इंटरनेटवरचं नावही तसंच उलट वाचतात. शेवटी डॉट कॉम आहे, डॉट इन आहे की डॉट भारत, हे आधी बघायचं आणि मग त्याच्या अलीकडचं नाव शोधायचं. अशी शेवटची नावं आज सुमारे चौदाशे आहेत. त्यांतलं कुठलं नाव कोणाच्या हाती आहे, याची एकच यादी जगभर मानली जाते. तिला रूट म्हणतात. ती पुरवणारे सर्व्हर १३ नावांनी ओळखले जातात. १२ संस्था ते चालवतात आणि त्यांच्या दीड हजारांहून जास्त प्रती जगभर पसरलेल्या आहेत.

यादी एकच असली की भांडणं होणारच. नवं नाव कोणी घालायचं, कुठल्या लिपीत, कुठल्या अक्षरांत? नावाची मुदत संपली तर जुन्या मालकाला किती दिवस द्यायचे? दुसऱ्याच्या नावावर कोणी डल्ला मारला तर दाद कुठे मागायची? हे ठरवण्याची जी रीत आहे, तो हा कारभार.

हे सगळं अमेरिकेच्या ताब्यात आहे ना? मग आपण बोलून काय होणार?

बराच काळ तसंच होतं. सुरुवातीला ही यादी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातले जॉन पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी सांभाळत. १९९८ मध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि काम तिच्याकडे गेलं, पण अमेरिकी सरकारशी असलेल्या कराराखाली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने ही देखरेख सोडण्याची तयारी दाखवली. दोन-अडीच वर्षं जगभरच्या लोकांनी पर्यायी व्यवस्थेचा मसुदा घडवला आणि १ ऑक्टोबर २०१६ ला तो करार संपला.

आयकॅनचं मुख्यालय अजूनही लॉस एंजेलिसमध्ये आहे आणि तिला कॅलिफोर्नियाचा कायदा लागू आहे. अनेक देशांची ही तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. पण २०१६ नंतर एक मोठा फरक पडला. संचालक मंडळाने संस्थेची घटना मोडली किंवा लोकांना न पटणारं अंदाजपत्रक मांडलं, तर ते नाकारायचा, अगदी संचालकांना काढून टाकायचाही अधिकार आता सहभागी गटांकडे आहे. असे पाच गट आहेत आणि त्यांतला एक आपल्यासारख्या सामान्य वापरकर्त्यांचा आहे.

आयकॅन काय करत नाही?

मजकुरावर नियंत्रण ठेवत नाही. कुठल्या समाजमाध्यमावर काय लिहिलं, कोणाचा व्हिडिओ काढून टाकायचा, आपल्या गल्लीत इंटरनेट का येत नाही, यांतलं काहीच तिच्या कक्षेत येत नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी बरेच जण नेमकी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

डॉट इन आणि डॉट भारत यांचे नियमही तिथेच ठरतात का?

नाही. देशांच्या नावांचे नियम तो तो देश ठरवतो. आपल्याकडे हे काम निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, करते. डॉट इन सर्वांना सहज मिळू लागलं ते २००५ पासून. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, तेव्हा हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषा त्यात होत्या. आज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी ही सोय आहे.

त्यामुळे डॉट इनबद्दलची तक्रार निक्सीकडे करायची आणि डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांची आयकॅनकडे. या दोन खिडक्यांमधला फरक माहीत नसल्यामुळे लोकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

सामान्य माणसाला तिथे खरंच मत असतं का?

एकदा अगदी थेट मत होतं. सन २००० मध्ये आयकॅनने जगभरच्या इंटरनेट वापरकर्त्यांना पाच संचालक निवडू दिले, प्रत्येक खंडातून एक. सुमारे ३४ हजार लोकांनी घरबसल्या मतदान केलं. पुढे दोन-तीन वर्षांतच ही पद्धत बंद झाली आणि नंतर कधी सुरू झाली नाही. एवढ्याशा मतदारांना जगाचे प्रतिनिधी म्हणायचं का, आणि एखाद्या देशाने एकगठ्ठा नोंदणी केली तर काय, या शंका तेव्हा घेतल्या गेल्या. शंका खोट्या नव्हत्या. तरीही तो दरवाजा पूर्ण बंद करायला नको होता असं मला वाटतं.

आता सहभाग प्रतिनिधींमार्फत होतो. ‘ॲट-लार्ज’ नावाची वापरकर्त्यांची रचना आहे. त्यात जगाचे पाच विभाग पाडले आहेत आणि आपण आशिया, ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांच्या विभागात येतो. प्रत्येक विभाग दोन माणसं निवडतो, नेमणूक समिती आणखी पाच देते, आणि मिळून १५ जणांची सल्लागार समिती होते. मतदानाचा हक्क असलेल्या १६ संचालकांपैकी एक जण वापरकर्त्यांच्या या रचनेने निवडलेला असतो. सोळात एक म्हणजे फार नाही. पण एखादा मुद्दा अधिकृत कामकाजात आणण्याचा हक्क या समितीला आहे आणि तो हक्क किती मोलाचा आहे ते पुढे येईलच.

याशिवाय ना-नफा संस्था, छोटे व्यावसायिक आणि विद्यापीठातले अभ्यासक यांच्यासाठी वेगळे गट आहेत. आपण कोण म्हणून बोलतोय ते ठरवून गट निवडायचा.

पण सरकार आहे ना आपल्या वतीने बोलायला?

आहे, आणि बोलतंही. सरकारांची वेगळी सल्लागार समिती असते आणि तिच्यात भारतही आहे. एक उदाहरण आठवतं. २०१२ मध्ये नव्या शेवटच्या नावांसाठी अर्ज मागवले होते, तेव्हा क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या ‘रॅम’ या ट्रकच्या छापासाठी एक नाव मागितलं. रोमन लिपीत ते ‘राम’ असंही वाचलं जातं. भारत सरकारने चिंता नोंदवली आणि जुलै २०१३ च्या डर्बनच्या सभेतल्या निवेदनात सरकारांच्या समितीने तिची दखल घेतली.

पण सरकारला देशाची बाजू मांडायची असते. मुदत संपलेल्या नावाचं काय करायचं, वाचनालयाला वर्षाला किती पैसे पडावेत, ‘ऱ्ह’ लिहिता येतो का, हे प्रश्न तिथे कोण मांडणार? ज्याला रोज ठेच लागते त्यालाच ते बोलावं लागतं.

या सगळ्याचा मराठीशी काय संबंध?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द मोठ्याने वाचा. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या खोल घळी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतकं अंतर आहे. मराठी माणसाला हा फरक तिसरीच्या वर्गात कळतो. हिंदीत तो नाही. देवनागरीचे नियम फक्त हिंदीकडे बघून केले असते तर आडव्या फराट्याचा हा अर्धा ‘र’ बाहेरच राहिला असता, आणि वऱ्हाड, कऱ्हाड, आपल्या जिल्ह्यातली कऱ्हा नदी, कोणालाच आपलं नाव नीट लिहिता आलं नसतं.

अडचण तांत्रिकही होती. संगणकात हा अर्धा र दोन प्रकारे लिहितात. एका प्रकारात र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. हा ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत दाखवायला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. न दिसणारं चिन्ह पत्त्यात चालू दिलं, तर डोळ्यांना एकच दिसणारे दोन पत्ते तयार होतात आणि फसवणाऱ्याला रान मोकळं होतं. म्हणून रूटच्या नियमांत अदृश्य चिन्हं चालत नाहीत. पण ती काढायची तर मराठीची सोय दुसऱ्या मार्गाने करायला हवी होती.

ती झाली. भारतातल्या नऊ लिप्यांचे नियम लिहिण्यासाठी स्वयंसेवकांचं एक मंडळ बसलं होतं. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या म्हणून त्याला ‘निओ-ब्राह्मी’ मंडळ म्हणतात. त्यात भाषातज्ज्ञ होते, संगणकाचे जाणकार होते आणि आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतली माणसंही होती. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सी-डॅक १९८८ पासून करत आली आहे आणि डॉट भारतचं भाषाधोरणही तिथेच घडलं. मंडळाने देवनागरीच्या प्रस्तावात ‘ऱ’ घेतला, पण सुटा नाही. त्याला हलन्त जोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ आला तरच तो चालतो. मराठीत तो नेमका तिथेच लागतो. प्रस्ताव लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवला गेला आणि २०१९ मध्ये तो जगाच्या नियमांत सामील झाला.

हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला भरून आलं होतं. आयुष्यभर ‘दर्या’ की ‘दऱ्या’ म्हणून खिळे बदलायला लावले, आणि हीच काळजी कोणीतरी साऱ्या जगाच्या यादीसाठी घेतली होती.

उलटं उदाहरणही आहे. डॉट ऑर्ग चालवणाऱ्या संस्थेने देवनागरीतही एक नाव घेतलं आहे, ‘डॉट संगठन’. हिंदीत शब्द बरोबर आहे. मराठीत आपण ‘संघटना’ म्हणतो, ‘घ’ने. मराठी संस्थेने हे नाव घेतलं तर वाचणाऱ्याला मुद्रणदोषच वाटेल. लिपी एक असली तरी भाषा वेगळी असते, हे सांगायला त्या टेबलाशी मराठी माणूस असायलाच हवा.

मराठी पत्ता घेतला, पण फॉर्म तो ‘अवैध’ म्हणतो. का?

कारण फॉर्म लिहिणाऱ्याने मराठीचा विचार केलेला नाही. पडद्यामागे मराठी नाव रोमन अक्षरांच्या एका रूपात बदललं जातं, म्हणजे यंत्रणेला ते पेलतं. अडतं ते वरच्या थरात, संकेतस्थळांच्या तपासणीत. जुने फॉर्म शेवटचं नाव दोन किंवा तीन रोमन अक्षरांचंच असेल असं धरून चालतात.

आमच्यातल्या अभियंत्याने एक गंमतशीर वाटणारी, पण खूप त्रास देणारी चूक दाखवली. काही प्रोग्रामर मनापासून सर्व भाषांना परवानगी देतात आणि नियम लिहितात की ‘कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल’. आता ‘मराठी’ हा शब्द घ्या. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीच्या, वर्गवारीत म, र, ठ ही अक्षरं आहेत, पण काना आणि वेलांटी ही ‘चिन्हं’ आहेत. हलन्तही चिन्हच. त्यामुळे ‘मरठ’ चालतं आणि ‘मराठी’ नाकारलं जातं! नियमात अक्षरांच्या जोडीला चिन्हांचा वर्ग घातला की काम होतं. ओळ एकच बदलायची असते. हिंजवडीला काम करणारं कोणी तुमच्या घरात असेल तर आज रात्री जेवताना हे त्यांना सांगा.

सर्व नावं आणि ईमेल पत्ते सगळीकडे चालावेत, या प्रयत्नाला ‘युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स’ म्हणतात. त्यासाठी २०२३ पासून दरवर्षी एक दिवसही पाळला जातो. आम्ही आमच्या परीने बिल भरण्याचे, प्रवेशाचे, तिकिटांचे फॉर्म तपासतो. मराठी ईमेल टाकून बघायचा, काय झालं ते लिहून ठेवायचं आणि संबंधितांना सभ्य भाषेत पत्र पाठवायचं. बहुतेकांकडून उत्तर येत नाही. दोघांनी मात्र दुरुस्ती केली आणि आम्हाला कळवलंही.

आमच्या मतामुळे आजवर खरंच काही बदललं आहे का?

दोन गोष्टी सांगते. पहिली घरची.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाचं डॉट ऑर्गचं नाव होतं. ज्या मुलाने संकेतस्थळ करून दिलं त्याने ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. त्याचा हेतू चांगलाच होता. पुढे तो परदेशी गेला, ईमेल बदलला. नूतनीकरणाची आठवण त्या जुन्या पेटीत येऊन पडली आणि नाव गेलं. नोंदणी कंपनीकडे विचारायला आम्ही अनेक पत्रं लिहिली. उत्तरं छापील होती, आणि शेवटी कळलं की नाव आता दुसऱ्या कोणाचं आहे. बारा वर्षं त्या नावाने शिक्के मारले होते, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर ते छापलं होतं.

तेव्हा मी नियम शोधायला बसले. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांसाठी नियम असा : मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी अशा किमान दोन सूचना द्यायच्या, मुदत संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस जुन्या मालकाला ते सोडवून घेता यावं. हा नियम २०१३ पासून लागू आहे. आणि तो आला कुठून? २००८ मध्ये वापरकर्त्यांच्या त्या १५ जणांच्या समितीने विषय लावून धरला, अधिकृत अहवाल मागितला, तिथून. आम्हाला त्याचा फायदा झाला नाही, कारण पेटीच दुसऱ्याची होती. पण जगात लाखो लोकांना त्या तीन पत्रांमुळे आपलं नाव वाचवता येतं, आणि ती पत्रं सामान्य वापरकर्त्यांच्या मागणीतून आलेली आहेत. मी या कामात ओढली गेले ती त्या दिवशी.

दुसरी गोष्ट मोठी आहे, आणि त्यात हारही आहे. डॉट ऑर्गची किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नसे. २०१९ मध्ये ही मर्यादा काढायचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून जास्त लोकांनी आणि संस्थांनी मतं नोंदवली, त्यांतली बहुतेक सगळी विरोधात. तरीही मर्यादा काढली गेली. माझ्या मते ते चुकीचं होतं आणि लोकांचा विश्वास त्याने दुखावला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बातमी आली की डॉट ऑर्ग चालवणारी संस्था ११३.५ कोटी डॉलरना एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकली जाणार. किंमतमर्यादा नुकतीच उठली होती आणि ना-नफा संस्थांचं घर नफ्याच्या हाती चाललं होतं. जगभरच्या संस्था उठल्या, पत्रं गेली, लॉस एंजेलिसला आयकॅनच्या दारात निदर्शनं झाली. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही पत्र लिहून विरोध केला. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनच्या संचालक मंडळाने विक्रीला संमती नाकारली. पहिल्या वेळी जे बोलणं वाया गेल्यासारखं वाटलं होतं, त्यातूनच लोक एकमेकांना सापडले होते. दुसऱ्या वेळी ते तयार होते.

‘डॉट पुणे’ मिळू शकेल का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. लंडन, बर्लिन, टोकियो, पॅरिस या शहरांना २०१२ च्या फेरीत आपापली नावं मिळाली. त्या फेरीत एकूण १,९३० अर्ज आले होते आणि अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. २०२६ च्या फेरीसाठी फी २,२७,००० डॉलर ठेवली गेली, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये. गरजू अर्जदारांसाठी सवलतीची योजना आहे, पण फी ही सुरुवात. नंतर यंत्रणा चालवायला वर्षानुवर्षं पैसे आणि माणसं लागतात. शिवाय शहराचं नाव शहरासाठी वापरायचं तर स्थानिक शासनाचं संमतिपत्र लागतं, आपल्या बाबतीत महापालिकेचं.

मला विचाराल तर एवढ्या पैशांत शहरातल्या प्रत्येक शाळेला, वाचनालयाला आणि बचत गटाला डॉट भारतमधलं मराठी नाव कित्येक वर्षांसाठी घेऊन देता येईल. आमच्यातले सगळे माझ्याशी सहमत नाहीत. कायद्याच्या विद्यार्थ्याचं म्हणणं, शहराचं नाव आपण घेतलं नाही तर उद्या भलताच कोणी मागेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सुरुवात कुठून करायची?

आयकॅनचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, त्यांतला ओळखीचा पहिला धडा पुरे. नंतर आपल्या विभागाच्या ॲट-लार्ज संघटनेचं सभासदत्व घ्या. संस्था म्हणून घेता येतं, एकट्यानेही घेता येतं, फी नाही. मग तीन महिने नुसतं ऐका. आद्याक्षरांच्या संक्षेपांनी डोकं फिरतं. मी तेव्हा एक वही केली होती आणि अनोळखी शब्द आला की त्यात लिहीत असे. दीडशे शब्द झाल्यावर वही लागेनाशी झाली.

कुठलंही धोरण पक्कं होण्याआधी त्यावर मतं मागवतात, साधारण ४० दिवस. त्यात कोणीही लिहू शकतं. लांबलचक लिहायची गरज नाही. आपल्यावर नेमका काय परिणाम होतो ते उदाहरणासह एका पानात लिहिलेलं मत दहा पानी तात्त्विक निबंधापेक्षा कामाचं ठरतं.

आयकॅनच्या वर्षात तीन सार्वजनिक सभा होतात. ऑनलाइन हजर राहायला पैसे पडत नाहीत, प्रत्यक्ष नोंदणीही मोफत असते. भारतात २००८ मध्ये नवी दिल्लीला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला सभा झाली. मार्च २०२६ ची सभा मुंबईला ठरवली गेली. हैदराबादला मी गेले होते. शेवटच्या आदल्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांना रिक्षाला द्यायला सुटे नव्हते. पण मला जास्त आठवतो तो खुला संवाद. माइकपुढे रांग लावायची, आपली पाळी आली की संचालक मंडळाला थेट विचारायचं. माझ्या पुढे एक मंत्रालयातले अधिकारी होते, मागे एक विद्यार्थिनी. प्रत्येकाला तेवढीच दोन मिनिटं होती.

विद्यार्थ्यांसाठी काही आहे का?

१८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नेक्स्टजेन’ आणि नवख्यांसाठी ‘फेलोशिप’. निवड झाली तर प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो. भारतात ‘इनसिग’ ही इंटरनेट कारभाराची शाळा २०१६ पासून भरते, तीही उत्तम. कायदा, भाषाशास्त्र, संगणक, तिन्हीकडची मुलं लागतात. भाषाशास्त्राची फार कमी येतात.

माझं इंग्रजी कच्चं आहे. चालेल का?

खरं उत्तर असं की त्रास होतो. सभांमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात. त्यांत आपली एकही भाषा नाही. कागदपत्रं इंग्रजीत आणि तीही बोजड. ज्यांच्यासाठी डॉट भारत काढलं त्यांनाच त्याच्या चर्चेत भाषेमुळे बोलता येऊ नये, हे मला मनापासून खटकतं आणि मी ते प्रत्येक ठिकाणी लिहिते.

आमचा तोडगा साधा आहे. तुम्ही मराठीत सांगा, आमच्यातलं कोणीतरी इंग्रजीत उतरवतं, आणि मत तुमच्या नावाने जातं. ‘ॲ’ संगणकावर दोन प्रकारे उमटतो आणि लोक गोंधळतात, हा मुद्दा आम्हाला एका पाटी रंगवणाऱ्या काकांनी दिला. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही. अक्षर मात्र आमच्यापैकी कोणापेक्षाही जास्त कळतं.

वेळ आणि पैसा किती जातो?

पैसा जवळपास नाही. तसा तुम्ही आधीच देता : डॉट कॉमसारख्या प्रत्येक नावामागे वर्षाला काही सेंट आयकॅनकडे जातात. बरीच वर्षं १८ होते, २०२५ पासून २०, म्हणजे सतरा रुपयांच्या आसपास. वेळ आठवड्याला दोन तास धरा. काही बैठका मध्यरात्री येतात. त्यांचं ध्वनिमुद्रण सकाळी ऐकता येतं.

बैठकीला येताना काय आणायचं?

तुमच्या संस्थेचं, मंडळाचं किंवा दुकानाचं डोमेन नाव कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदवलेलं आहे आणि मुदत कधी संपते, हे तीन तपशील कागदावर लिहून आणा. माहीत नसेल तर ज्याने संकेतस्थळ करून दिलं त्याला आजच फोन करा, तो अजून त्याच नंबरवर आहे तोवर.